‘ऐकतच नाही’ या तक्रारीमागचे घर



ज्या घरात आठ-दहा वर्षांचे मूल आहे, त्या घरात एक वाक्य दिवसातून दहा वेळा उच्चारले जाते : ‘हा मुळी ऐकतच नाही.’ बहुतेक घरांत ते हवेत विरून जाते. आई बोलते, मूल अर्धवट ऐकते, आजी नातवाची बाजू घेते आणि पाने वाढली जाईपर्यंत सारे विसरलेले असते. परंतु काही घरांत हे वाक्य विरत नाही. सकाळी दात घासण्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत प्रत्येक गोष्टीचे रणांगण होते. आंघोळ कर म्हटले की ‘नाही’, दप्तर भर म्हटले की उलट उत्तर, मोबाइल ठेव म्हटले की आदळआपट. शाळेतून चिठ्ठ्या येऊ लागतात. नात्यातल्या लग्नकार्याला जाणे नकोसे होते, कारण तिथे मूल तमाशा करील आणि मग चार तोंडांतून एकच निष्कर्ष बाहेर पडेल की, आईबापांनी काही संस्कारच केलेले नाहीत. आज बोलायचे आहे ते या घरांविषयी.

वैद्यकशास्त्राने या अवस्थेला ‘ऑपोझिशनल डिफायंट डिसऑर्डर’ असे नाव दिले आहे. मराठीत त्याला ‘विरोध-अवज्ञा विकार’ म्हणता येईल. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानग्रंथाची तिसरी आवृत्ती काढली, तेव्हा हा विकार त्यात प्रथम आला. त्याच ग्रंथाच्या २०१३ सालच्या पाचव्या आवृत्तीत त्याची आठ लक्षणे तीन गटांत मांडली आहेत. पहिला गट रागाचा : वारंवार संयम सुटणे, क्षुल्लक कारणाने चिडणे, मनात सतत राग धुमसत असणे. दुसरा गट विरोधाचा : मोठ्यांशी वाद घालणे, नियम व सूचना धुडकावणे, मुद्दाम दुसऱ्याला डिवचणे, स्वतःच्या चुकीचे खापर इतरांवर फोडणे. तिसऱ्या गटात एकच लक्षण आहे, ते म्हणजे आकसाने वागणे, सूड घेणे. यांपैकी किमान चार लक्षणे, किमान सहा महिने आणि भावंडाव्यतिरिक्त निदान एका व्यक्तीशी वागताना दिसली पाहिजेत, अशी अट आहे. शेवटची अट मोठी शहाणपणाची म्हणावी लागेल. धाकट्या बहिणीच्या वेण्या ओढणारा प्रत्येक भाऊ विकारग्रस्त ठरला असता, तर रुग्णालये पुरली नसती! वयाचाही विचार केलेला आहे. पाच वर्षांखालील मुलात हे वर्तन बहुतेक दिवशी दिसले पाहिजे आणि त्यापुढच्या वयात आठवड्यातून किमान एकदा. या ग्रंथाने दिलेले सरासरी प्रमाण सुमारे ३.३ टक्के आहे. म्हणजे तीस-पस्तीस मुलांच्या वर्गात असे एखादे मूल असू शकते.

परंतु निदानाचे हे शब्द घरी नेऊन लगेच मुलाच्या कपाळी चिकटवण्याची घाई कोणी करू नये. दोन-अडीच वर्षांचे मूल ‘नाही’ हा शब्द शिकते आणि तो सर्वत्र वापरून पाहते, ही वाढीची खूण आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षी वडिलांच्या मतांना आव्हान दिले जाते, तेही स्वाभाविकच आहे. आणि प्रश्न विचारणारे मूल म्हणजे उद्धट मूल, हे समीकरण तर आपल्या परंपरेलाही मान्य नाही. कठोपनिषदातला नचिकेता यज्ञात भाकड गाई दान होताना पाहतो आणि वडिलांना विचारतो, ‘मला कोणाला देणार?’ एकदा, दोनदा, तीनदा विचारतो. वडील संतापून म्हणतात, ‘तुला मृत्यूला दिले.’ पुढची कथा आत्मज्ञानाची म्हणून सर्वांना ठाऊक आहे. पण यमाने दिलेल्या तीन वरांपैकी पहिला वर या मुलाने कशासाठी खर्च केला, हे सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही. वडिलांचा राग शांत व्हावा आणि परत गेल्यावर त्यांनी पूर्वीसारखे प्रेमाने आपल्याशी बोलावे, एवढेच त्याने मागितले. स्वर्ग देणारा अग्नी आणि मृत्यूपलीकडचे ज्ञान त्याच्या यादीत नंतर येतात.

तेव्हा एकेकट्या भांडणापेक्षा पाहायला हवी ती भांडणाची घडी. काही घरांत ही घडी इतकी पक्की बसते की, कोणाची इच्छा नसतानाही रोज तेच नाटक त्याच क्रमाने घडते. ती कशी बसते, याचा शोध पाश्चात्त्य संशोधकांनी फार चिकाटीने घेतला. त्यातले अग्रगण्य नाव म्हणजे जेराल्ड पॅटरसन.

पॅटरसन २०१६ साली निवर्तले. अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यात, युजीन या गावी त्यांनी आयुष्यभर एकच प्रश्न हाताळला : घरात मूल आक्रमक कसे होते? त्यांची पद्धत विलक्षण होती. आईवडिलांना प्रश्नावल्या देऊन ते थांबले नाहीत. त्यांनी निरीक्षकच घरी पाठवले. संध्याकाळच्या वेळी सारे कुटुंब घरात हजर असावे, दूरदर्शन संच बंद असावा, एवढ्या अटीवर निरीक्षक कोपऱ्यात बसत आणि कोण कोणाला काय म्हणाले, त्यावर समोरच्याने काय केले, हे काही-काही सेकंदांच्या अंतराने सांकेतिक खुणांनी टिपून घेत. अशा असंख्य संध्याकाळींच्या नोंदींतून जे चित्र उभे राहिले, ते त्यांनी १९८२ साली ‘कोअर्सिव्ह फॅमिली प्रोसेस’ या ग्रंथात मांडले. कोअर्सिव्ह म्हणजे बळजबरीचे, दमदाटीचे. या ग्रंथातला विचार आपल्या घरातल्या भाषेत सांगता येतो.

संध्याकाळचे सात वाजले आहेत. आई स्वयंपाकघरातून म्हणते, ‘मोबाइल ठेव आणि अभ्यासाला बस.’ मुलगा ऐकून न ऐकल्यासारखे करतो. आई पुन्हा सांगते, आवाज चढतो. मुलगा कुरकुरतो, ‘दोनच मिनिटं!’ दोनाची दहा होतात. आई बाहेर येऊन मोबाइल ओढू लागते, तसा मुलगा किंचाळतो, पाय आपटतो, तोंडाला येईल ते बोलतो. कुकरच्या शिट्ट्या होत आहेत, शेजारी ऐकत आहेत, आईची कंबर दिवसभराच्या कामाने दुखते आहे. ती म्हणते, ‘कर तुला काय करायचं ते!’ आणि आत निघून जाते. घरात शांतता पसरते.

त्या एका क्षणात दोघांनाही धडा मिळतो. मुलगा शिकला की, किंचाळल्यावर नकोशी सूचना मागे घेतली जाते. आई शिकली की, माघार घेतल्यावर नकोसा गोंगाट तत्काळ थांबतो. दोघांचीही पीडा टळली, म्हणून दोघांचेही वागणे बळावले. उद्या मुलगा कुरकुरीत वेळ घालवणार नाही, थेट किंचाळण्यापासून आरंभ करील. परवा आईचा बांध फुटेल आणि ती एक धपाटा घालील. मुलगा रडत-रडत पुस्तक उघडील. आता आई आणखी एक गोष्ट शिकली की, मारल्यावर काम होते. तेरवा तिचा हात लवकर उठेल आणि मुलाचा आवाज त्याहून लवकर चढेल. म्हणजे दोघे एकमेकांना रोज थोडे-थोडे अधिक कठोर व्हायला शिकवीत असतात, आणि यातले कोणीही दुष्ट नसते. पॅटरसन यांच्या साऱ्या संशोधनाचे मर्म इथे आहे.

यात भर पडते ती अनियमिततेची. कधी हट्ट पुरवायचा आणि कधी नाही, हे धोरण फार महाग पडते. वर्तनशास्त्रज्ञ स्किनर आणि फर्स्टर यांनी १९५७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे तत्त्व दिसले होते : ज्या कृतीला दर वेळी फळ मिळते, ती फळ थांबताच लवकर सुटते. ज्या कृतीला अधूनमधून, केव्हा ते न कळता फळ मिळते, ती मात्र सुटता सुटत नाही. लॉटरीचे तिकीट घेणारा माणूस वर्षानुवर्षे तिकीट घेत राहतो, तो याचमुळे. आई सोमवारी ठाम राहिली, मंगळवारी थकून नमली, बुधवारी आजीने परस्पर मोबाइल दिला आणि गुरुवारी बाबांनी चापट मारली, अशा घरातल्या मुलाच्या हाती लॉटरीच लागलेली असते. तो शंभर वेळा प्रयत्न करून पाहणारच.

आता इथवर ऐकून कोणी म्हणेल, ‘म्हणजे शेवटी चूक आईचीच ना?’ आपल्या समाजाला हा निष्कर्ष फार आवडतो. मूल गुणी निघाले तर घराण्याचे नाव, वाईट वागले तर आईचा दोष, ही वाटणी जुनी आहे. म्हणून या प्रश्नाची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे.

१९८६ साली कॅनडातील मानसशास्त्रज्ञ ह्यू लिटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक साधा, पण मार्मिक प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलगे अतिशय त्रासदायक वर्तनाचे होते, काही सर्वसाधारण. दोन्ही प्रकारच्या मुलग्यांच्या मातांना बोलावले आणि प्रत्येकीला आपल्या मुलाबरोबर तसेच परक्या मुलांबरोबरही काही काळ घालवायला सांगितले. दिसले ते असे की, त्रासदायक मुलगा समोर आला की, शांत मुलाची शांत आईसुद्धा अधिक हुकूम सोडू लागली, अधिक नकारात्मक बोलू लागली. त्याआधी १९७९ मध्ये रसेल बार्कले आणि चार्ल्स कनिंगहॅम यांनी अतिचंचल मुलांच्या बाबतीत असेच पाहिले होते. औषधाने मूल स्थिर झाले, सांगितलेले ऐकू लागले, तेव्हा आयांचे हुकूम आपोआप कमी झाले. त्या आयांना कोणीही काही शिकवलेले नव्हते. आई मुलाला घडवते, तसे मूलही आईला घडवत असते!

काही मुले जन्मतःच सांभाळायला अवघड असतात, हेही मोकळेपणाने मान्य करावे. न्यूयॉर्कमध्ये अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या वैद्यक दांपत्याने १९५६ पासून १३३ मुलांचा तान्हेपणापासून मोठेपणापर्यंत मागोवा घेतला. सुमारे दहा टक्के मुले त्यांना ‘अवघड’ प्रकृतीची आढळली. त्यांची झोप-भूक अनियमित, नव्या गोष्टीला नकार, भावना तीव्र. सुमारे चाळीस टक्के मुले ‘सोपी’ होती. पण मूल अवघड असणे म्हणजे भवितव्य ठरले, असे त्यांना दिसले नाही. मुलाची प्रकृती आणि घराची अपेक्षा यांचा मेळ बसतो की नाही, यावर पुढचे बरेच अवलंबून राहिले. एकाच घरात थोरला सांगेल ते ऐकतो आणि धाकटा प्रत्येक गोष्टीवर अडतो, हा अनुभव घरोघरी आहे. थोरल्याला पुरलेली रीत धाकट्याला पुरत नाही. ‘याच घरात, याच हातांनी दोघांना वाढवलं,’ असे आई हताशपणे म्हणते तेव्हा ती खोटे बोलत नसते. हात तेच असले, तरी माती वेगळी असते.

शिवाय कित्येकदा ‘ऐकत नाही’च्या मागे ‘जमत नाही’ दडलेले असते. अक्षरे ओळखताना गोंधळणारे मूल वाचायला नकार देते, वही फाडते आणि शिक्षकांच्या लेखी उद्धट ठरते. मूर्ख ठरण्यापेक्षा उद्धट ठरणे त्याला परवडते. २००७ सालच्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटाने हे दुःख घराघरांत पोहोचवले. पण चित्रपटगृहात डोळे पुसणारे किती पालक घरी येऊन मुलाची वही वेगळ्या नजरेने उघडतात? अतिचंचलता आणि एकाग्रतेचा अभाव असलेल्या मुलांमध्ये तर विरोध-अवज्ञा विकार वारंवार आढळतो. आणि लंडनमधील स्ट्रिंगारिस व गुडमन यांनी २००९ साली दाखवून दिले की, ज्या मुलांत वाद घालण्यापेक्षा चिडचिडेपणाचे लक्षण ठळक असते, त्यांच्यात पुढे नैराश्य दिसण्याचा धोका अधिक असतो. सतत खेकसणारे मूल आतून दुःखी असू शकते, ही गोष्ट मारहाणीच्या धामधुमीत कोणाच्या लक्षात येणार?

आता आईकडे वळू. टेनेसी विद्यापीठाच्या रॉबर्ट वाह्लर यांनी १९८० साली एकाकी मातांवर एक शोधनिबंध लिहिला. मुलांना कसे वागवावे, याचे प्रशिक्षण या मातांना मिळाले होते आणि काही काळ त्याचा गुणही आला होता. पण तो टिकला नाही. वाह्लर यांनी त्यांच्या दिवसांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा आढळले की, ज्या दिवशी एखाद्या मैत्रिणीशी बोलणे-बसणे झाले, त्या दिवशी घरात मुलाशी खटके कमी उडाले. यावर आपल्याकडचा श्रोता तत्परतेने म्हणेल, ‘म्हणूनच एकत्र कुटुंब हवे!’ थोडे थांबावे. या एकाकी मातांना माणसे भेटत नव्हती असे नाही. भेटत होती, पण ती मुख्यतः नातेवाईक आणि मदत करणाऱ्या संस्थांचे कर्मचारी अशी होती, आणि त्यांच्या भेटी या मातांना नकोशा वाटत होत्या. अशा भेटींनंतर मुलाशी होणारे खटके कमी झाले नाहीत. माणसांची गर्दी असूनही बाई एकाकी असू शकते.

आपल्या कुटुंबपद्धतीचे गुणगान करणाऱ्यांनी हा निष्कर्ष जपून ठेवावा. ज्या घरात सासू म्हणते, ‘जा, जरा पडून राहा, मी बघते त्याच्याकडे,’ ते घर सुनेचे बळ वाढवते आणि परिणामी नातवालाही सावरते. ज्या घरात नातवाच्या प्रत्येक किंकाळीनंतर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ हे पालुपद सुनेला ऐकावे लागते, त्या घरात माणसे सहा असली तरी आई एकटीच असते. पुण्या-ठाण्याच्या सदनिकेत दोन खोल्यांत एकट्या मुलाशी संध्याकाळभर झुंजणारी आई आणि वाड्यात दहा माणसांच्या नजरेखाली झुंजणारी आई, यांच्यात अधिक थकलेली कोण, हे बाहेरून सांगता येत नाही. कुटुंब एकत्र आहे की विभक्त, याहून आईच्या पाठीशी कोणी आहे की नाही, हे महत्त्वाचे.

आईचे मन आजारी असेल तर? अमेरिकेत मर्ना वाइसमन आणि सहकाऱ्यांनी नैराश्यावर उपचार घेणाऱ्या माता आणि त्यांची मुले अशा १५१ जोड्यांचा अभ्यास २००६ साली प्रसिद्ध केला. ज्या मातांचे नैराश्य तीन महिन्यांत दूर झाले, त्यांच्या मुलांमधील मानसिक विकारांचे प्रमाण घटले. ज्यांचे दूर झाले नाही, त्यांच्या मुलांमध्ये ते वाढले. मुलांवर वेगळा उपचार या अभ्यासाचा भाग नव्हता. आपल्याकडे मुलासाठी शिकवणी, छंदवर्ग, च्यवनप्राश या सर्वांवर खर्च होतो. आईला गेले वर्षभर झोप लागत नाही, याची मात्र घरात कोणाला वार्ताही नसते.

आणि वडील? बऱ्याच घरांत वडिलांचे रूपांतर एका धमकीत झालेले असते. ‘थांब, बाबांना येऊ दे!’ दिवसभर घडलेल्या गुन्ह्यांची यादी रात्री साडेआठला सादर होते, आणि ज्या प्रसंगात ते हजर नव्हते, त्याचा न्याय बाबा दारातून आत येता-येता करतात. मुलाच्या दृष्टीने वडील म्हणजे शिक्षा, एवढेच नाते उरते. आईची अवस्था त्याहून बिकट होते, कारण प्रत्येक वेळी बाबांचे नाव घेऊन तिने स्वतःच कबूल केलेले असते की, आपल्या शब्दाला घरात किंमत नाही.

शिक्षेचा विषय निघाला की, पहिली पाच वर्षे लाड, पुढची दहा वर्षे ताडन आणि सोळाव्या वर्षी मैत्री, असे सांगणाऱ्या संस्कृत सुभाषिताचा दाखला हटकून दिला जातो. त्यातले ताडन सर्वांच्या लक्षात राहते, लाड आणि मैत्री राहत नाहीत. तसेच ‘श्यामची आई’चे. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकातील पोहण्याचा प्रसंग मराठी माणसाला पाठ आहे. भिऊन लपलेल्या श्यामला आईने मारून पोहायला पाठवले. ‘पाहा, तेव्हाच्या आया कशा कडक होत्या,’ असे म्हणून लोक पुस्तक मिटतात. नंतर तीच आई रुसलेल्या श्यामला जवळ घेऊन त्याची समजूत काढते, लोकांनी आपल्या मुलाला भित्रा म्हणू नये म्हणून मारले हे त्याला सांगते, ते मात्र विसरले जाते. छडीचे समर्थन आजचा कोणताही जाणकार करणार नाही. शाळांमध्ये तर २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंवर बंदी घातली आहे. परंतु भांडणानंतर मुलाशी पुन्हा नाते जोडण्याची जी कला त्या माउलीजवळ होती, तिचे मोल आजही तेवढेच आहे. 

मग उपाय काय? आश्चर्य वाटेल, पण या विकारावरचा सर्वांत भक्कम मानला जाणारा उपचार मुलाला समोर बसवून उपदेश करण्याचा नाही आणि केवळ याच विकारासाठीचे असे औषधही नाही. अतिचंचलतेसारखा दुसरा विकार जोडीला असेल, तर त्यावरचे औषध उपयोगी पडते, ही गोष्ट वेगळी. मुख्य उपचार आहे तो आईवडिलांचे प्रशिक्षण. ब्रिटनच्या आरोग्ययंत्रणेसाठी मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ‘नाइस’ या संस्थेनेही २०१३ साली तीन ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी याचीच शिफारस केली.

या प्रशिक्षणाचा सांगाडा १९६० च्या दशकात कॉन्स्टन्स हॅन्फ या विदुषीने ओरेगॉनमध्येच, पोर्टलंडच्या वैद्यकीय महाविद्यालयात उभा केला. तिने दोन पायऱ्या सांगितल्या आणि त्यांचा क्रम उलटा करू दिला नाही. पहिली पायरी शिस्तीची नाहीच, ती खेळाची आहे. मूल ठोकळे रचत असेल, चित्र काढत असेल, तर आई किंवा वडिलांनी शेजारी बसायचे आणि मुलाच्या मागे-मागे जायचे. हुकूम द्यायचा नाही, प्रश्न विचारायचा नाही, चूक काढायची नाही. ‘तू निळा ठोकळा वर ठेवलास’, एवढेच पाहिलेले सांगायचे. काही चांगले केले, तर नेमके काय चांगले केले, ते नाव घेऊन सांगायचे. ‘शहाणा माझा बाळ’ यापेक्षा ‘पडलेला ठोकळा तू न रागावता उचललास, हे मला आवडलं’ हे अधिक मोलाचे. हॅन्फच्या परंपरेतून पुढे आलेल्या शीला आयबर्ग यांच्या पद्धतीत एक युक्ती वापरली जाते. आईच्या कानात छोटे श्रवणयंत्र, काचेपलीकडे उपचारक, आणि खेळ चालू असतानाच तो कानात हळूच सुचवतो की, आता काय बोलावे. घरी रोज किती वेळ हा खेळ खेळावा? आयबर्ग यांच्या पद्धतीत उत्तर आहे, पाच मिनिटे.

पाच मिनिटे ऐकायला किरकोळ वाटतात. करून पाहणाऱ्याला कळते की, आपल्या मुलाशी पाच मिनिटे एकही हुकूम न देता, एकही प्रश्न न विचारता बोलणे किती जड जाते. ‘हा कोणता रंग?’ ‘किती ठोकळे झाले?’ असे परीक्षकाचे प्रश्न तोंडातून आपोआप निघतात. आपली संवादाची सारी भाषाच सूचनांची आणि चौकशीची झालेली आहे. ज्या मुलाला दिवसभर फक्त टोकलेच जाते, त्याला आईचे लक्ष मिळवण्याचा एकच खात्रीचा मार्ग उरतो, तो म्हणजे भांडण. पाच मिनिटांच्या खेळाने त्याला दुसरा मार्ग सापडतो.

दुसरी पायरी शिस्तीची, आणि ती टाळायची नाही. सूचना थोडी, स्पष्ट आणि एका वेळी एकच. स्वयंपाकघरातून ओरडून दिलेली सूचना मुलाच्या कानी पडते, पण ती आपल्यासाठी आहे असे त्याला वाटत नाही. जवळ जावे, नाव घ्यावे, ‘मोबाइल इथे टेबलावर ठेव’ असे सांगावे आणि काही क्षण मुकाट्याने थांबावे. ‘ठेवतोस का?’ असा प्रश्न विचारला की, ‘नाही’ हे उत्तर आपण होऊनच मागितल्यासारखे होते. ऐकले, तर तत्काळ दखल घ्यावी. ऐकले नाही, तर आधी सांगून ठेवलेला छोटा परिणाम, न रागावता, न भाषण देता आणि दर वेळी तोच. मोठी शिक्षा टिकत नाही. ‘महिनाभर खेळायला जायचं नाही’ असे संतापाने फर्मावणारे वडील तिसऱ्या दिवशी स्वतःच मुलाला क्रिकेटला पाठवतात, आणि लॉटरी पुन्हा सुरू होते. आजी-आजोबा घरात असतील, तर त्यांनाही हा परिणाम आधीच सांगितलेला असावा.

आणखी एक गोष्ट आधी ठाऊक असलेली बरी. आई ठाम राहू लागली की, पहिले काही दिवस मुलाचा आरडाओरडा कमी होण्याऐवजी वाढतो. आजवर चालत आलेले नाणे एकाएकी का चालेना, म्हणून ते अधिक जोराने वाजवून पाहते. याच दिवसांत बहुतेक घरे कच खातात, ‘हे असलं काही आपल्याकडे चालत नाही’ म्हणून पूर्वपदावर येतात, आणि मग मूल शिकते की, पूर्वीपेक्षा दुप्पट ओरडावे लागते, पण शेवटी जमते. म्हणून हा क्रम घरात पाहुणे आहेत, परीक्षा तोंडावर आहे किंवा कोणी आजारी आहे अशा आठवड्यात सुरू करू नये. पती-पत्नीत तीव्र बेबनाव असेल, तर आधी त्याकडे पाहावे. आईवडिलांचे एकमेकांशी बोलणे हेही मुलाचे एक पाठ्यपुस्तकच असते.

सहा महिने उलटूनही घरातली ओढाताण कमी होत नसेल, मूल स्वतःला वा इतरांना इजा करत असेल, शाळेतून काढण्याची भाषा होत असेल, तर बालरोगतज्ज्ञांमार्फत बालमानसतज्ज्ञांकडे जावे. ऐकू नीट येते का, झोप पुरते का, वाचन-लेखनात अडचण आहे का, याची तपासणी आधी व्हावी. अध्ययन-अक्षमता निघाली, तर शालान्त परीक्षेत सवलती मिळण्याची सोय महाराष्ट्रात आहे. लहान गावांत तज्ज्ञ जवळ नसतो, हे खरे आहे. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलेल्या ‘टेलि-मानस’ सेवेच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतही बोलता येते आणि कोठे जावे, हे विचारता येते.

तपासणीला गेल्यावर डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतात की, घरी कोणाबरोबर किती वेळ जातो, कोण काय सांगते, मूल कोणाचे ऐकते आणि केव्हा ऐकते. या प्रश्नांची उत्तरे एकट्या आईकडे नसतात. वडिलांनी त्या दिवशी रजा काढावी.